जुना डेटा वाचून मॉडेल निघत नाही, व्हॉल्व्ह हलवावाच लागतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात मागच्या रविवारी कारखान्यांतल्या एआयवर पानभर लेख आला होता. लेख चांगलाय, घरी पोराला पण वाचायला दिला. पण त्यात एक वाक्य असं होतं की आता सॉफ्टवेअर कारखान्याचा जुना डेटा वाचून प्रोसेसचं मॉडेल स्वतःच बनवणार, कंट्रोल आपोआप सेट होणार, माणसानं हात लावायची गरज नाही. ह्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहितोय, कारण ह्याच वाक्यावर आमच्या भागात सध्या लाखांची कोटेशनं फिरतायत आणि त्यावर सह्या करणारे चेअरमन, एमडी लोक सकाळी तुमचाच पेपर वाचतात. मी साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट डिपार्टमेंटला आहे, नोकरी सगळी बॉयलर आणि बॉइलिंग हाऊसच्या (रसाची साखर होते तो विभाग) लूपमध्ये गेली. लूप म्हणजे मोजणारा सेन्सर, ठरवणारा कंट्रोलर आणि हलणारा व्हॉल्व्ह ह्यांची साखळी. कारखान्याचं नाव, व्हेंडरचं नाव लिहीत नाही, त्याची गरजही नाही, थोड्याफार फरकानं सगळीकडे हेच चाललंय.

आधी मॉडेल म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर लोकांना वाटतं काहीतरी रॉकेटचं गणित आहे. ज्यूस हीटर घ्या. उसाचा रस गरम करायचाय, वाफेला कंट्रोल व्हॉल्व्ह आहे. समजा व्हॉल्व्ह ४० टक्क्यांवर होता तो ४५ केला. लगेच काहीच होत नाही, पंधरा-वीस सेकंद टेम्परेचर ढिम्म. मग चढायला लागतं, आधी भरभर, नंतर हळूहळू, आणि ४ डिग्री वर जाऊन थांबतं. झालं, मॉडेल तयार. ५ टक्क्यांना ४ डिग्री म्हणजे गेन ०.८, जितका वेळ ढिम्म होतं तो डेड टाइम, आणि चढायला लागल्यापासून एकूण चढाच्या ६३ टक्के, म्हणजे इथे साधारण अडीच डिग्री गाठायला लागला तो टाइम कॉन्स्टंट. हे तीन आकडे हातात असले की पीआयडी कंट्रोलरला, म्हणजे टेम्परेचर बघून व्हॉल्व्ह हलवणाऱ्या यंत्राला, किती जोरात आणि किती घाईनं व्हॉल्व्ह हलवायचा ते सांगता येतं. नसले तर मग अंदाजपंचे, जो आला त्यानं आपल्या मनानं आकडे टाकले आणि गेला.

आता हे आकडे मशीननं स्वतः काढायचे ही कल्पना काही काल-परवाची नाही हो. अमेरिकेतल्या टेलर इन्स्ट्रुमेंट्समधल्या झीग्लर आणि निकोल्स ह्या दोघांनी १९४२ मध्ये नियम दिले की असा धक्का द्या, अशी रेघ मारा, असे आकडे टाका, तेव्हा कंट्रोलर हवेवर चालायचे आणि रेघ खरोखर चार्ट पेपरवर पट्टीनं मारायची असायची. पुढे १९८४ मध्ये स्वीडनमधल्या लुंडच्या आस्ट्रम आणि हेगलुंड ह्यांनी असं दाखवलं की कंट्रोलरच्या जागी थोडा वेळ नुसता रिले (वर किंवा खाली एवढंच जाणणारा स्विच) ठेवा, टेम्परेचर सेटपॉइंटच्या, म्हणजे जेवढं हवंय त्याच्या, खाली गेलं की आउटपुट थोडं वर, वर गेलं की थोडं खाली, एवढंच. प्रोसेस आपोआप छोट्या लाटा मारायला लागते आणि त्या लाटेच्या उंचीवरून आणि एका फेरीच्या वेळेवरून ट्यूनिंग, म्हणजे कंट्रोलरमध्ये टाकायचे आकडे, निघतं. आउटपुट ५ टक्के वर-खाली केलं आणि लाट मधल्या रेषेपासून २ टक्के उठली तर चार गुणिले पाच भागिले पाय गुणिले दोन, म्हणजे ३.१८, हा झाला अल्टिमेट गेन (एवढ्या जोरावर लूप हेलकावे खात राहतो), त्याचे ४५ टक्के घेतले की पीआय कंट्रोलरचा (पीआयडीचाच साधा प्रकार) गेन, म्हणजे त्याचा व्हॉल्व्ह हलवायचा जोर, १.४३. ह्यात एआय नाही काही नाही, सातवी-आठवीचं गणित आहे. भोसरी-चाकणला प्लास्टिकच्या एक्स्ट्रूडरवर बसवलेल्या तळहाताएवढ्या टेम्परेचर कंट्रोलरवर ऑटोट्यूनची जी सोय असते त्यातल्या पुष्कळांच्या पोटात ह्याच जातीची युक्ती आहे. ती चालू केली की हीटर थोडा वेळ मुद्दाम चालू-बंद चालू-बंद होतो, ऑपरेटरला वाटतं मशीन बिघडलं. ते बिघडलेलं नसतं, मशीन प्रोसेसला प्रश्न विचारत असतं.

आणि माझा मुद्दा इथेच आहे. प्रोसेसला प्रश्न विचारल्याशिवाय ती उत्तर देत नाही. झीग्लर-निकोल्स असो, रिले असो, रिफायनरीतलं अनेक व्हॉल्व्ह एकत्र सांभाळणारं मोठं मल्टिव्हेरिएबल कंट्रोल असो, सगळ्यात कोणीतरी, माणूस नाहीतर मशीन, व्हॉल्व्ह मुद्दाम हलवतो आणि काय होतं ते बघतो. आमच्याकडे जे असलं सॉफ्टवेअर विकायला आले होते ते म्हणाले आम्हाला काहीच हलवायला नको, तुमच्या डीसीएसमधला (कंट्रोल रूमचा मुख्य कॉम्प्युटर) मागच्या सीझनचा ट्रेंड डेटा पेनड्राइव्हवर द्या, मॉडेल आमचं एआय बनवेल. हे ऐकायला इतकं गोड आहे की कुठलाही एमडी हो म्हणेल, कारण गाळप चालू असताना बॉयलरला हात लावा म्हटलं की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो.

डेटा दिला. त्यांनी लॅपटॉपवर मॉडेल काढून दाखवलं, स्क्रीनवर हिरव्या अक्षरात फिट ९१ टक्के, म्हणजे मॉडेलचा अंदाज खऱ्या डेटाशी एवढा जुळतो. मी नुसतं गेनचं चिन्ह बघितलं तर ते उलटं! म्हणजे ह्यांच्या मॉडेलप्रमाणे फीडवॉटरचा, म्हणजे बॉयलरला पाणी देणारा, व्हॉल्व्ह उघडला की ड्रमची (बॉयलरवरच्या पाणी-वाफेच्या टाकीची) लेव्हल कमी होते. ह्याच्यावर कंट्रोलर बसवला असता तर लेव्हल खाली जाताना तो व्हॉल्व्ह बंद करत गेला असता. बॉयलरवर काम केलेल्या कुणालाही ह्याचा अर्थ सांगायला नको.

आता असं का झालं? सॉफ्टवेअर खराब होतं असं नाही. तो डेटा लूप ऑटोवर, म्हणजे व्हॉल्व्ह माणसाच्या नाही तर कंट्रोलरच्या ताब्यात, असतानाचा होता. ऑटोवर असताना लेव्हल कमी झाली की कंट्रोलर व्हॉल्व्ह उघडतो, हे त्याचं कामच आहे. सीझनभराच्या डेटात लाखो वेळा हेच लिहिलेलं की लेव्हल कमी तेव्हा व्हॉल्व्ह उघडा, लेव्हल जास्त तेव्हा व्हॉल्व्ह बंद. सॉफ्टवेअरनं ते इमानदारीत वाचलं आणि उलटं समजलं. घरात ज्या ज्या दिवशी क्रोसिन घेतली त्या त्या दिवशी ताप होता, म्हणून क्रोसिननं ताप येतो असं म्हणण्यासारखं आहे हे. ह्या विषयातल्या लोकांना हे १९७० च्या दशकापासून माहितीय. ल्युंग, सोडरस्ट्रॉम वगैरे स्वीडिश मंडळींनी तेव्हाच गणितानं दाखवून दिलंय की सेटपॉइंट हलला नाही, बाहेरून काही धक्का दिला नाही, आणि कंट्रोलर तोच तसाच राहिला, तर अशा डेटातून प्रोसेसऐवजी कंट्रोलरचंच उलटं चित्र निघू शकतं. म्हणजे तुम्ही पैसे देऊन स्वतःच्या कंट्रोलरचा फोटो काढून घेता.

मग फिट ९१ टक्के कसं आलं असं आमच्या साहेबांनीही विचारलं, बरोबरच होतं विचारणं. ते फिट एक पाऊल पुढच्या अंदाजाचं होतं. म्हणजे आत्तापर्यंतची खरी लेव्हल सॉफ्टवेअरला दिलेली आणि विचारलं पुढच्या सेकंदाला किती असेल. आता ड्रमची लेव्हल पुढच्या सेकंदाला जवळपास आत्ताएवढीच असणार हे शेंबडं पोरही सांगेल, त्याला ९१ टक्के काय ९९ पण मिळतील. खरी परीक्षा अशी असते की सॉफ्टवेअरला फक्त व्हॉल्व्हच्या हालचाली द्यायच्या, वाफेचा फ्लो द्यायचा, आणि लेव्हलचा अख्खा ट्रेंड त्यानं स्वतः काढून दाखवायचा, आणि तो पण ज्या दिवसाच्या डेटावर मॉडेल बनवलं त्या दिवसाचा नाही, वेगळ्या दिवसाचा. हे करा म्हटल्यावर ते म्हणाले रिपोर्टमध्ये पाठवतो. रिपोर्ट अजून यायचाय.

ड्रम लेव्हलची गोष्ट निघालीच आहे तर तिचं अजून एक सांगतो, कारण आपल्याकडे दोनशेच्या आसपास साखर कारखाने दर सीझनला चालतात, त्यातले पुष्कळ आता ६७, ८७, ११० केजी प्रेशरचे को-जनचे (साखरेबरोबर वीजही बनवायचे) बॉयलर लावून बसलेत आणि हा लूप सगळ्यांकडे आहे. टर्बाइननं एकदम जास्त वाफ ओढली तर ड्रममधलं पाणी खरं म्हणजे कमी होतंय, पण प्रेशर पडल्यामुळे पाण्यातले वाफेचे बुडबुडे फुगतात आणि काचेत लेव्हल आधी वर जाते, मग खाली येते. ह्याला स्वेल म्हणतात. उलट तुम्ही फीडवॉटर वाढवलं तर त्या मानानं थंड पाणी आत आल्यावर बुडबुडे बसतात आणि लेव्हल आधी खाली जाते, मग वर. हे श्रिंक. म्हणजे ही प्रोसेस आधी खोटं बोलते आणि मग खरं. आता ऑटोमॅटिक सॉफ्टवेअरला जर तुम्ही आधीच सांगून ठेवलंय की उत्तर त्या ज्यूस हीटरसारख्या तीन आकड्यांतच दे, तर ते श्रिंकचा काळ डेड टाइममध्ये ढकलून मोकळं होतं, आणि टेस्ट लवकर थांबवली तर लूप मॅन्युअलला असूनही गेनचं चिन्ह पुन्हा उलटं येऊ शकतं. शिवाय ड्रम लेव्हल हीटरसारखी एका जागी जाऊन थांबत नाही, पाणी जास्त घातलं की चढतच राहते, तिला ६३ टक्के कशाचे काढणार? म्हणून कुठल्या जातीचं मॉडेल हवं हे आधी ठरवायला प्रोसेस समजणारा माणूस लागतो. आमचा फर्स्ट क्लास बॉयलर अटेंडंट, दहावी पास, तो हे सगळं इक्वेशनशिवाय सांगतो. त्याला मीटिंगला बोलावलंच नव्हतं.

डेटाच्या क्वालिटीबद्दल तर बोलायलाच नको. डीसीएसच्या हिस्टोरियनमध्ये, म्हणजे जुन्या नोंदींच्या कोठारात, जे साठवतात ते जागा वाचवायला कॉम्प्रेस केलेलं असतं, छोटा बदल झाला तर नोंदच होत नाही, दोन नोंदींच्या मध्ये सरळ रेघ. बऱ्याच ठिकाणी तर एक मिनिटाची सरासरीच ठेवलेली असते. ज्या लूपचा डेड टाइम ८ सेकंद आहे तो मिनिटाच्या सरासरीतून कसा काढणार, ब्रह्मदेव आला तरी निघणार नाही. ट्रेंड पेजवर दिसतो तो छान गुळगुळीत ग्राफ बघून साहेब खूश होतात, मॉडेलसाठी तो निरुपयोगी.

आणि व्हॉल्व्ह! मला तर वाटतं निम्मा आजार इथेच आहे. सीझन संपला की व्हॉल्व्ह उन्हाळा-पावसाळा तसाच पडून, ग्लँड (दांड्याभोवतीचं पॅकिंग) लीक व्हायला लागली की फिटर ती आवळतो, पुन्हा आवळतो, मग स्टेम, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा, अडकायला लागतो. कंट्रोलर ४० वरून ४१, ४२ म्हणतो, व्हॉल्व्ह जागचा हलत नाही, ४३ झालं की धाडकन उडी मारतो, मग जास्त झालं म्हणून परत खाली, परत अडकला, परत उडी. लूप दिवसरात्र हेलकावे खातो. असल्या डेटातून सॉफ्टवेअरनं मॉडेल काढलं तर ते अडकलेला वेळ डेड टाइम म्हणून मोजतं आणि सांगतं तुमची प्रोसेस फार संथ आहे, कंट्रोलर ढिला करा. ढिला केला की हेलकावे लांबलचक होतात, थांबत नाहीत. इथे पोझिशनर (व्हॉल्व्हला सांगितलेल्या जागी नेणारा भाग) कॅलिब्रेट करायचा, पॅकिंग बदलायचं, काही हजाराचं काम. पण हजाराच्या कामाचा फोटो पेपरात येत नाही.

रसाच्या पीएचचं तर विचारूच नका. चुन्याचं दूध (पाण्यात कालवलेला चुना) आणि सल्फरचा धूर दोन्ही घालून पीएच सातच्या आसपास ठेवायचा असतो, पण पीएच हे लॉगरिदम आहे, सातच्या जवळ थेंबभर चुन्यानं काटा पळतो आणि दूर असताना बादलीभर घातला तरी हलत नाही. म्हणजे गेन एकच नाही, जागेप्रमाणे कितीतरी पट बदलतो. त्यात इलेक्ट्रोडवर थर बसतो आणि सेन्सर स्वतःच सुस्त होतो. सोमवारी साफ केलेल्या इलेक्ट्रोडवर काढलेलं मॉडेल शुक्रवारी त्याच लूपला लागू पडत नाही.

ह्याचा अर्थ मी ऑटोमॅटिक मॉडेलिंगच्या विरोधात आहे असा काढू नका, उलट मला ते हवंय, पोटतिडकीनं हवंय. एका कारखान्यात शे-दोनशे लूप असतात आणि इन्स्ट्रुमेंटला माणसं असतात मोजून चार, प्रत्येक लूपला माणूस बसून स्टेप टेस्ट, म्हणजे व्हॉल्व्हला धक्का देऊन बघणं, करणं शक्यच नाही, म्हणून मग ऑपरेटर कंटाळून लूप मॅन्युअलला टाकतो आणि रात्रभर हातानं चालवतो. रिफायनरी-पेट्रोकेमिकलवाल्यांनी हा प्रश्न कधीच धसाला लावलाय. शेल कंपनीच्या कटलर आणि रामेकर ह्यांनी १९७९ मध्ये डायनॅमिक मॅट्रिक्स कंट्रोल, म्हणजे मॉडेलवरून पुढचा अंदाज बांधून व्हॉल्व्ह हलवायची पद्धत, जगासमोर मांडलं, फ्रान्सच्या रिशाले ह्यांचं तशाच कल्पनेचं काम त्याच्या एक वर्ष आधीचं, आणि तेव्हापासून ते लोक मॉडेल घेऊनच कंट्रोल करतात. पण त्यांचंही प्रोजेक्ट बघा, सगळ्यात जास्त वेळ खातं ते स्टेप टेस्टिंग, आठवडेच्या आठवडे, रात्रपाळीत इंजिनियर बसून एकेक व्हॉल्व्ह वर-खाली करायचा. आता त्यांच्याकडे ते कामही सॉफ्टवेअर करतं. लूप बंद न करता, लिमिटच्या आत राहून, छोटे छोटे धक्के एका ठरवलेल्या अनियमित क्रमानं, ज्याला पीआरबीएस म्हणतात, अनेक व्हॉल्व्हना एकाच वेळी देत राहतं, आणि मॉडेल पुरेसं पक्कं झालं की थांबतं. हे खरं ऑटोमेशन. त्यात प्रश्न विचारायचं काम मशीन करतं. आम्हाला विकतायत त्यात प्रश्नच विचारत नाहीत आणि उत्तर मात्र छापून देतात.

जुना डेटा अगदी टाकाऊ असतो असंही नाही, हे पण प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. त्यात काही तुकडे सोन्यासारखे असतात, जेव्हा कुणीतरी सेटपॉइंट चांगला ५ डिग्रीनं बदलला, किंवा लूप मॅन्युअलला होता आणि ऑपरेटरनं व्हॉल्व्ह हलवून जरा वेळ सोडून दिला. महिन्यांच्या डेटातून असे तुकडे आपोआप हुडकून काढायचं कामसुद्धा स्वीडनमध्ये खऱ्या केमिकल प्लांटच्या डेटावर झालंय. साखर कारखान्यात तर सीझन सुरू होताना, पाऊस पडून ऊस थांबला तर, मिल बंद पडून परत चालू होताना, असे तुकडे भरपूर मिळतील. फक्त ते त्या क्षणी सेकंदा-सेकंदाच्या हिशेबानं साठवलेले पाहिजेत, आणि नेमकं तेच कोणी करत नाही कारण हार्ड डिस्क भरते म्हणे. आजकाल हार्ड डिस्कची किंमत काय आणि आपण बोलतोय काय.

तर चेअरमन, एमडी लोकांना, आणि हे सॉफ्टवेअर घ्यायला निघालेल्या दूधसंघ, पेपरमिल, सगळ्यांनाच सांगायचंय की टेंडरमध्ये चार ओळी वाढवा. एक म्हणजे मॉडेल बनवायच्या आधी त्या लूपचा व्हॉल्व्ह तपासायचा, किती टक्क्यांवर हलतो ते लिहून द्यायचं. मग टेस्ट प्लांटवर करायची, धक्का किती टक्क्यांचा, ड्रम लेव्हल कुठपर्यंत गेली की टेस्ट सोडून द्यायची, हे शिफ्ट इनचार्ज आणि बॉयलर अटेंडंट दोघांच्या सहीनं आधी ठरवायचं. फिटचा आकडा वेगळ्या दिवसाच्या डेटावरचा आणि पूर्ण ट्रेंडचा द्यायचा, एक पाऊल पुढचा चालणार नाही. आणि मॉडेलचे आकडे, गेन, डेड टाइम, सगळे आमच्याकडे कागदावर राहिले पाहिजेत, त्यांच्या क्लाउडमध्ये कुलूपबंद नकोत, नाहीतर पुढच्या वर्षी लायसन्स संपलं की आम्ही पुन्हा अंदाजपंचे. ह्या चार ओळींवर जो व्हेंडर कुरकुर करेल त्याला चहा पाजून परत पाठवा.

पैसे नसतील तर फुकटातही बरंच होतं हे पण लोकांना माहीत नाही. सायलॅब हे गणिताचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा फुकट आहे, एनपीटीईएल ह्या आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन शिकवणीवर आयआयटी मद्रासचा सिस्टीम आयडेंटिफिकेशनवर, म्हणजे डेटातून मॉडेल काढण्यावर, अख्खा कोर्स पडलाय. इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा करून आलेली पोरं आमच्याकडे ट्रेनी म्हणून येतात आणि आम्ही त्यांना वर्षभर प्रेशर गेज पुसायला लावतो. त्यातल्या एकाला लॅपटॉप द्या आणि ज्यूस हीटरच्या लूपवर बसवा. ज्यूस हीटरच म्हणतोय मुद्दाम, कारण तिथे ५ टक्के इकडे-तिकडे झालं तर रस थोडा जास्त गरम होईल, बाकी आभाळ कोसळत नाही, बॉयलरवर शिकाऊ प्रयोग नकोत.

तुमच्या लेखकाला एक विनंती, पुढचा लेख लिहायच्या आधी एखाद्या कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये रात्रपाळीला येऊन बसा आणि किती लूप मॅन्युअलला आहेत ते मोजा. आमच्याकडे आलात तर गेटवर मी घ्यायला येतो, गाळप मार्चपर्यंत तरी चालेल.

आपला,
एक वाचक, इन्स्ट्रुमेंट विभाग
जि. सांगली